लाकडी टर्नटेबल: सगळं स्वतः करायचं की जुन्या मशीनला नवा खोका?

लाकडी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घरी करायचंय असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, ओळखीचा लेथवाला आहे का? कारण सगळे सुरुवात करतात सागवान की शिसव इथून, आणि लाकूड हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे राव, खोका काय कुठलाही बरा सुतार करून देईल. रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात ती थाळी डगडग न करता, आवाज न करता, एका वेगाने फिरत ठेवणं हे खरं काम.

तर रस्ते दोन. एक, बेअरिंग (थाळी ज्यावर फिरते तो सांधा), थाळी, पुली (मोटरवरचं छोटं चाक) सगळं करून घेऊन टर्नटेबल नव्याने उभं करायचं, ज्यात मोटर पट्ट्याने थाळी फिरवते. दुसरा, गॅरार्ड नाहीतर लेन्को अशा कंपनीचं जुनं टर्नटेबल मिळवायचं, साफसफाई-ऑइलिंग करायचं आणि खोका तेवढा आपल्या हातचा. (फक्त गाणी ऐकायची असतील तर सरळ रेडीमेड आणा, पुढे वाचूच नका.)

पहिल्या रस्त्यात सगळा जीव बेअरिंगमध्ये. स्टीलचा ग्राइंड केलेला रॉड, गनमेटलचा बुश, तळाला एक छर्रा आणि थोडं तेल, बस एवढंच, पण रॉड बुशमध्ये किंचित जरी सैल असला तरी तो खेळ सुईला कळतो. त्यानंतर पुली. २४ पोलची सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला २५० फेरे घेते, रेकॉर्डला हवेत ३३.३, म्हणजे साडेसातास एक. थाळी ३०० मिमी व्यासाची, म्हणून मी लेथवाल्याला ऐटीत ४० मिमीची पुली सांगितली आणि रेकॉर्ड पळायला लागली ना! पट्ट्याची जाडी धरलीच नव्हती. १ मिमीचा पट्टा असेल तर हिशोब त्याच्या मधल्या रेषेवर होतो, म्हणजे ४१ ला ३०१, वेग ३४ च्या वर, दोन टक्के जास्त. गाणारा आपला उगाच वरच्या पट्टीत. पुली हवी होती ३९.१ ची. हे कळलं स्ट्रोब डिस्कमुळे, म्हणजे थाळीवर ठेवून वेग तपासायची चकती, १८० रेघांची असते, चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, माझ्या पुढे सरकत होत्या. नव्या एलईडीखाली बऱ्याचदा काहीच कळत नाही, त्यामुळे ती एक ट्यूब भंगारात देऊ नका.

दुसऱ्या रस्त्यात हा हिशोब कारखान्याने कधीच करून ठेवलाय. गॅरार्ड ३०१ इंग्लंडमधल्या स्विंडनचं, १९५४ पासूनचं, आणि ते मुळात विकलंच जायचं खोक्याशिवाय आणि आर्मशिवाय (आर्म म्हणजे सुई धरणारा दांडा), म्हणजे खोका करून घेणं हे त्यात धरलेलंच होतं. फक्त आता त्याचे भाव ऐकून घाम फुटतो. स्विस लेन्को एल७५ त्यामानाने आवाक्यातलं, थाळी चारेक किलोची. पण या दोन्हीत मोटरची ताकद रबरी चाकातून थेट थाळीला मिळते, त्यामुळे चाकाचं रबर कडक झालं असेल किंवा खोका हलका असेल तर स्पीकरमधून घरघर येते. इथे सुंदर पोकळ पेटी चालत नाही, मरीन प्लायचे चार-पाच थर फेविकॉलने चिकटवून जड ठोकळाच लागतो, वरून हवं तर सागाचं विनिअर.

पट्टावाला शांत असतो, मोटर वेगळीच ठेवता येते. पण मला विचाराल तर तबल्याची थाप रबरी चाकवाल्यावर जास्त भरीव लागते, आता यावर भांडणारे भांडतीलच.

अजून एक, घरात आजोबांच्या नाट्यगीतांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत का? असतील तर विषय संपला, वरच्या दोनपैकी जुनं मशीन घ्या, त्यात ७८ असतंच (सुई मात्र वेगळी, जाड लागते). वरच्या ३०० मिमीच्या थाळीला ७८ साठी जवळपास ९३ मिमीची पुली लागेल, बसवणार कुठे?

लाकडाबद्दल दोन्हीकडे एकच सांगेन, अखंड फळी टाळा. पावसाळ्यात ती आडवी फुगते, आणि थाळीची मधली खुंटी ते आर्मचा खांब हे अंतर एक मिमीने जरी सरकलं तरी सुईचा कोन बिघडतो. वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर फ्रेमला वापरा, मधला पाया प्लायचाच, आणि रंधा मारायच्या आधी त्यातले खिळे शोधून काढा नाहीतर मिस्त्री पुन्हा दारात यायचा नाही.

म्हणजे लेथवाला हाताशी आहे आणि दोनदा चुकायची तयारी आहे तर पहिला रस्ता, मजा त्यातच आहे. हात फक्त लाकडावर चालत असेल तर दुसरा, आणि मशीन घेताना थाळी हाताने फिरवून, बेअरिंग हलवून बघूनच घ्या. आर्म मात्र कुठल्याही रस्त्याने गेलात तरी पहिल्या खेपेला विकतच आणा. रेगा कंपनीच्या आरबी ३०० सारख्या आर्मला खुंटीपासून २२२ मिमीवर भोक पाडायचं, तेही सगळ्यात शेवटी, थाळी जागेवर बसल्यावर, आणि आधी पुठ्ठ्यावर पाडून बघा.