एक तास, तीन तास की बारा तासांची ड्युटी? सोबतीचं गणित

आई ठाण्यात, नौपाड्याला एकटी राहते. मी कासारवडवलीला, आणि संध्याकाळच्या घोडबंदर रोडवरून तिच्याकडे पोचेपर्यंत तिची जेवणं उरकलेली असतात. ती हिंडती-फिरती, औषधं स्वतःची स्वतः घेणारी. तिला नर्स नको होती, बोलायला माणूस हवं होतं. सोबतीला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांचा पहिला प्रश्न होता, "किती तास?" मला वाटलं, हा फक्त पैशांचा प्रश्न. दीड वर्षात तिन्ही प्रकार करून बघितले, म्हणून लिहिते आहे.

रोज एक तास. त्यातली पहिली 20 मिनिटं चपला, पाणी, "काय काकू, झोप झाली का?" यात जातात आणि शेवटची 10 घड्याळाकडे बघण्यात. येणाऱ्या ताई कळव्याच्या. एका तासाच्या पैशांसाठी जाऊन-येऊन दीड तासाचा प्रवास, आणि तो कुणी मोजत नाही. त्यात पावसात लोकल रखडली की तासाचा अर्धाच उरतो. आई रोज त्यांच्यासाठी आल्याचा चहा टाकायची. म्हणजे सरबराई कोण कुणाची करत होतं, देव जाणे. तरी एक आहे, दिवसाला वळण लागतं, आणि माणूस पडलं-झडलं तर त्याच दिवशी कळतं. तुम्हाला एवढंच हवं असेल तर तास पुरतो.

आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास. ताई त्याच, प्रवास निम्म्याहून कमी झाला म्हणून खूश. तलावपाळीला फेरी, कोपिनेश्वराचं दर्शन, कधी मराठी ग्रंथ संग्रहालयात पुस्तक बदलायला. (1893 पासूनची संस्था; आई तिथल्या जिन्याबद्दल तक्रार करते, पण जायचं सोडत नाही.) दुसऱ्या तासाच्या आसपास विषय संपतात. आधी मला ते अवघड वाटायचं. पण खरी गंमत तिथूनच सुरू होते. दोघी मेथी निवडत बसतात, बोलायलाच हवं असं काही राहिलेलं नसतं, आणि मग कुणीतरी काहीतरी बोलून जातं. बाबांची शेवटची रात्र आईने अशीच एका दुपारी ताईंना सांगितली. मला कधी सांगितली नव्हती. लागलं मला, खोटं कशाला बोलू. एका तासात मेथीची जुडीही सुटत नाही. तोटा एवढाच की मधले दिवस रिकामे, आणि एक दांडी म्हणजे अर्धा आठवडा गेला.

बारा तास. आईचं मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत सकाळी 8 ते रात्री 8 अशी ड्युटी ठेवली. तेव्हा ती गरज होती, पण जवळीक म्हणाल तर वेगळीच. चौथ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांवरून वाद. दुपारनंतर एकीचा टीव्ही, दुसरीचा मोबाइल. शिवाय ब्युरो सुट्टीला बदली पाठवतं, तिला पुन्हा चष्म्याच्या जागेपासून सगळं सांगा. सगळ्यात वाईट म्हणजे माझंच तोंड: "रिकाम्याच बसल्या आहात ना, जरा लादी पुसून घ्या." त्या वाक्यानंतर सोबत संपली, कामवाली उरली. ठेवायचंच असेल तर जेवण, दुपारची विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि कामाची हद्द आधी ठरवा. पोलीस पडताळणी तर कुठल्याही प्रकारात करून घ्याच.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर हा हिशोब बदलतो. बऱ्याच जणांची घालमेल संध्याकाळी वाढते, म्हणून तिथे किती तास यापेक्षा कुठले तास, आणि रोज तोच चेहरा, हे आधी बघा. आणि ज्यांना माणूस परवडत नाही त्यांच्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. फोनवर धीर देतात, माहिती देतात. फेरीला मात्र नेऊ शकत नाहीत.

माझं मत तीन तासांच्या बाजूचं, पण दोन अटींवर: बाई बदलायची नाही, आणि गाडीभाडं वेगळं द्यायचं. ब्युरोला हेच दोन प्रश्न आधी विचारा, दर मागाहून.

सध्या आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, 4 ते 7. परवा ताईंनी मुलाच्या परीक्षेसाठी तासभर लवकर निघायचं विचारलं. आईने मला न विचारताच होकार दिला, आणि पैसे पूर्ण द्यायचे असं मला फोन करून बजावलं.