खव्याच्या भट्टीला गॅस, पेलेट की लाकूड? भाव हलले की हिशोब कसा हलतो

पेलेटचा, म्हणजे दाबून केलेल्या काडीकचऱ्याच्या गोळ्यांचा, बर्नर विकायला आलेला माणूस बहुधा एकच सांगतो: गॅसच्या निम्म्या खर्चात काम होईल. हे काही महिने खरं ठरतं, काही महिने नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब भागात ज्यांची खव्याची भट्टी आहे आणि लाकूड सोडून गॅसवर जायचं की पेलेटवर, या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हा हिशोब. कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी जाणारा खवा असो की सरमकुंडीला विकला जाणारा, दूध सोडलं तर मोठा खर्च जळणाचाच. बर्नर एकदा बसवला की तो चार-पाच वर्षं गळ्यात असतो. म्हणून आजचा भाव पाहून ठरवू नका, भाव कशाने हलतात ते पाहून ठरवा.

आधी उष्णता मोजू

१०० लिटर गायीच्या दुधातून साधारण २० किलो खवा निघतो. म्हणजे ८० किलोच्या आसपास पाणी वाफ करून उडवायचं. दूध उकळीला आणायला आणि एवढं पाणी उडवायला मिळून सुमारे ५० हजार किलोकॅलरी कढईच्या आत पोचाव्या लागतात. जळण कुठलंही घ्या, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते जळणातली किती उष्णता दुधाला मिळते आणि किती वाऱ्यावर जाते, ते.

गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात आणि चांगल्या बर्नरवर त्यातल्या निम्म्या कामी येतात असं धरू. शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटमध्ये ३,८०० च्या आसपास असतात. पंख्याच्या बर्नरवर त्यातल्या ३५ टक्के मिळतील असं धरू. उन्हात वाळलेल्या लाकडात ३,२०० धरा, पण जुन्या उघड्या भट्टीत त्यातल्या १५ टक्के मिळाल्या तरी खूप. मग १०० लिटर दुधाला असं पडतं:

| जळण | लागणारा माल | धरलेला भाव | खर्च |
|---|---|---|---|
| व्यावसायिक गॅस | ९.१ किलो, जवळजवळ अर्धा सिलिंडर | १,८०० रु. सिलिंडर | ८६० रु. |
| पेलेट | ३८ किलो | १४ रु. किलो | ५३० रु. |
| लाकूड, जुनी भट्टी | १०४ किलो | ५ रु. किलो | ५२० रु. |

भाव उदाहरणासाठी धरलेत, तिथे तुमच्या गावचे घाला. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: १९ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला सुमारे ७९ किलो पेलेट लागतात. सिलिंडरच्या भावाला ७९ ने भागा. जो आकडा येईल त्याच्या खाली पेलेट मिळत असेल तर पेलेट स्वस्त, वर गेला की गॅस स्वस्त. १,८०० चा सिलिंडर असेल तर ही सीमा २२ रुपये ८० पैशांवर येते.

हा सगळा हिशोब १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा आहे. घरगुती १४.२ किलोची टाकी भट्टीला लावून काढलेला हिशोब हा हिशोबच नव्हे. ते बेकायदा आहे, आणि तपासणी झाली की त्या दिवशीचं दूध कुठे नेणार?

गॅस: भाव वर-खाली, पण दिसतो

व्यावसायिक सिलिंडरचा भाव तेल कंपन्या बहुधा दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. आपण लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात करतो, आणि त्यातला बहुतेक आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. सौदी अरामको दर महिन्याला प्रोपेन-ब्युटेनचा जो भाव जाहीर करते, त्यावर आणि डॉलरच्या भावावर आपल्या भट्टीचा खर्च ठरतो. घरगुती टाकीवर सरकार हात ठेवतं. व्यावसायिक टाकीवर तसा हात नाही, शिवाय जीएसटी १८ टक्के.

हेलकावे किती मोठे असतात ते पाहा. दिल्लीत मे २०२२ मध्ये व्यावसायिक सिलिंडर २,३५५ रुपये ५० पैशांना होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो १,५२२ रुपये ५० पैशांवर आला आणि पुढच्याच महिन्यात एका झटक्यात २०९ रुपयांनी वाढला. आपल्या ७९ च्या सूत्रात हे भाव घातले तर २०२२ च्या मे महिन्यात पेलेट ३० रुपये किलोने घेतला असता तरी गॅसची जवळजवळ बरोबरी झाली असती. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र १९ रुपयांच्या वर पेलेट घेणारा तोट्यात. बर्नर तोच, भट्टी तीच, दूधही तेवढंच.

तरीही गॅसच्या बाजूने एक गोष्ट मी ठामपणे मांडेन. खवा गोळा व्हायला लागला की आच त्या क्षणी कमी करावी लागते, नाहीतर तळाला लागतो. गॅसची चावी फिरवली की आच उतरते. पेलेटच्या बर्नरचा पंखा कमी केला तरी खालचे निखारे काही मिनिटं तापतच राहतात. एक कढई करपली तर २० किलो खव्याचा भाव पडतो, आणि जळणात वाचवलेले तीनशे रुपये त्यापुढे काहीच नाहीत. नवीन माणूस सराट्यावर असेल तेव्हा तर हा धोका जास्तच.

दुसरी अडचण साठ्याची. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे भरलेले ५ सिलिंडर. रोज ३०० लिटर आटवणाऱ्याला ते तीन-साडेतीन दिवस पुरतात. गणपती-दिवाळीच्या तोंडावर गाडी दोन दिवस उशिरा आली की भट्टी बंद.

पेलेट: भाव उशिरा हलतो, पण हलतो

पेलेट म्हणजे आपल्याच शेतातला काडीकचरा, त्याचा जगाच्या बाजाराशी काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. युरोपातल्या लाखो घरांनाही तसंच वाटत होतं. तिथे हिवाळ्यात घर तापवायला लाकडाच्या भुशाचे पेलेट वापरतात, आणि गॅसच्या कटकटीतून सुटका म्हणून लोकांनी ते शेगडे बसवले होते. जर्मनीत २०२१ मध्ये टनाला अडीचशे युरोंच्या आसपास असलेला भाव २०२२ च्या शरद ऋतूत सातशे युरोंच्या वर गेला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर गॅस भडकला, गॅसवाले पेलेटकडे धावले, रशिया आणि बेलारूसचं लाकूड-पेलेट निर्बंधांमुळे बंद झालं, आणि हिवाळ्याच्या भीतीने प्रत्येकाने साठा केला. पुढच्या वसंतात भाव चारशेच्या खाली उतरला, पण ज्यांनी ऑक्टोबरात माल भरला त्यांना त्या स्वस्ताईचा काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे घर तापवायचं नसलं तरी साखळी तशीच आहे, फक्त गॅसच्या जागी कोळसा आहे. पेलेट आणि ब्रिकेटचे (तशाच दाबलेल्या मोठ्या ठोकळ्यांचे) मोठे गिऱ्हाईक आपण भट्टीवाले नाही, कारखान्यांचे बॉयलर आहेत. २०२२ मध्ये जागतिक बाजारात कोळसा टनाला ४०० डॉलरच्या वर गेला होता. कोळसा असा महागला की बॉयलरवाला काडीकचऱ्याच्या इंधनाकडे वळतो, आणि तो ट्रकच्या ट्रक उचलतो. त्यात केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणानुसार कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात काही टक्के बायोमास पेलेट मिसळायचे आहेत. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच भागात आहे. अशा एका केंद्राने मोठी ऑर्डर काढली तर दहा पोती मागणाऱ्या भट्टीवाल्याला पुरवठादार कितव्या नंबरवर ठेवेल, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

डिझेलचा भाग वेगळा. पऱ्हाटी, तुराट्या, पाचट हा फुगीर माल. ट्रॉली भरलेली दिसते पण वजन नसतं. तो गोळा करायला, कुटी करायला आणि कारखान्यावर न्यायला ट्रॅक्टर लागतो, म्हणून कच्च्या मालाच्या वाहतुकीचं डिझेल पेलेटच्या किमतीत चांगलंच मुरलेलं असतं. पेलेट झाल्यावर तोच माल दाटून येतो, मग ६०-७० किलोमीटर आणायला फारसं लागत नाही. म्हणून डिझेल महागलं तर कारखाना तुमच्यापासून किती लांब आहे यापेक्षा कारखान्यापासून शेतं किती लांब आहेत हे विचारा. वीजही लागते: दळणं आणि दाबणं मिळून टनाला १२० युनिट धरले आणि युनिट ९ रुपये धरलं तर किलोमागे रुपयाभर. वीजदर वाढला तरी इथे फरक पैशांतच पडतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र तेलाच्या बाजारात नाही, पावसात आहे. सोयाबीनचं भुसकट हे पेलेटचा कच्चा माल आहे आणि जनावराचा चाराही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षात भुसकट दाबायला कोण देईल? आणि देऊही नये. जनावर जगलं तरच दूध, दूध असलं तरच भट्टी. उसाचा बगॅसही (चोथा) तसाच: ऊस कमी गाळला गेला की साखर कारखाना तो स्वतःच्या बॉयलरला ठेवतो. म्हणून दुष्काळी वर्षात पेलेट आणि चारा एकदमच महागतात, आणि नेमकं तेव्हाच भट्टीवाल्याच्या हातात पैसा कमी असतो. पऱ्हाटी आणि तुराट्यांचा पेलेट या बाबतीत बरा, कारण ते जनावर खात नाही.

भावाचा ऋतूही ओळखून ठेवा. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, तूर डिसेंबर-जानेवारीत, पऱ्हाटी त्यानंतर उपटतात. त्यामुळे फेब्रुवारी ते मे माल भरपूर आणि कोरडा. पावसाळ्यात कच्चा माल ओला, वाळवायचा खर्च वाढतो. श्रावण, गणपती, नवरात्र ही खव्याची चलती नेमकी तेव्हाच. समजा पावसाळ्यात पेलेट १८ वर गेला आणि गॅस १,५०० वर उतरला. १०० लिटरला पेलेटचे ६८४ रुपये, गॅसचे ७१८. फरक ३४ रुपयांचा. राख काढायची मजुरी धरली तर तोही गेला.

मालाची पारख भावाइतकीच महत्त्वाची. आपण किलोने पैसे देतो पण घेतो उष्णता. शुद्ध लाकडी भुशाच्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्या आत असते, शेतमालाच्या पेलेटमध्ये ती सहज ५ ते १० टक्के, आणि माती मिसळलेली असेल तर त्याहून जास्त. १०० ग्रॅम पेलेट पूर्ण जाळून राख वजनकाट्यावर ठेवा. एक पेलेट पाण्यात टाका: घट्ट दाबलेला बुडतो, पोकळ तरंगतो. पोत्याच्या तळाला भुगा किती आहे ते हात घालून बघा, कारण भुगा पंख्याने उडतो आणि न जळता जातो. १४ रुपयांचा मातीमिश्रित पेलेट १६ रुपयांच्या चांगल्या मालापेक्षा महाग पडू शकतो.

लाकूड: स्वस्त दिसतं

तक्त्यात लाकूड आणि पेलेट जवळजवळ सारखे दिसतात. तुमची स्वतःची वेडी बाभूळ असेल तर लाकूडच स्वस्त, यात वाद नाही. पण विकत घेत असाल तर आधी भट्टी सुधारा. जाळी, धुराडं आणि कढईभोवती नीट बंदिस्त जागा करून १५ टक्क्यांऐवजी २५ टक्के उष्णता मिळाली तर १०४ किलोच्या जागी ६३ किलोत काम होतं. गवंड्याच्या एवढ्याशा खर्चात पेलेटपेक्षा जास्त बचत. फक्त धूर तसाच राहतो. भट्टीपुढे रोज सात-आठ तास बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा हिशोब कुठल्याच तक्त्यात बसत नाही, आणि माझ्या मते लाकूड सोडायचं ते या कारणासाठी. बांधावरची झाडं आधीच विरळ झाली आहेत, हे दुसरं कारण.

मग कोणी काय घ्यावं

समजा पेलेटचा बर्नर आणि भट्टीतला बदल मिळून ६० हजार लागतात. वर धरलेल्या भावाने १०० लिटरमागे गॅसपेक्षा ३३० रुपये वाचतात. रोज ५० लिटर आटवणाऱ्याला हे पैसे फिटायला वर्ष लागेल, आणि गॅस १,५०० वर राहिला तर पावणेदोन वर्षं. एवढ्या लहान भट्टीने गॅसच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज ३०० लिटरवाल्याचे पैसे दोन महिन्यांत फिटतात, गॅस उतरला तरी साडेतीन-चार महिन्यांत. त्याने पेलेट जरूर घ्यावा, पण गॅसचं कनेक्शन सोडू नये. दूध निम्म्याहून खाली आटेपर्यंत पेलेट, आणि शेवटच्या टप्प्याला दुसऱ्या शेगडीवर गॅस, अशी जोडी लावली तर करपण्याचा धोका जातो आणि ज्या महिन्यात जे स्वस्त त्याचा वाटा वाढवता येतो. मधल्या भट्ट्यांनी, म्हणजे शंभर-दीडशे लिटरवाल्यांनी, पेलेटचा पुरवठादार बारमाही आहे का हे आधी पाहावं. नसेल तर थांबावं.

पुरवठादाराशी बोलताना वर्षभराचा एकच भाव मागू नका. तो देणार नाही, आणि दिला तर भाव चढल्यावर माल देणार नाही. त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याचा माल उचला. ३०० लिटरच्या भट्टीला रोज ११४ किलो लागतात, म्हणजे १० टन माल जवळजवळ तीन महिने पुरतो. १४ रुपयांनी त्यात १ लाख ४० हजार अडकतात, वर ५ टक्के जीएसटी. त्या पैशाचं तीन महिन्यांचं व्याज काही हजारांत जातं, आणि पावसाळ्यात भाव ४ रुपयांनी चढला तर १० टनांवर ४० हजार वाचतात. एकट्याला जड जात असेल तर शेजारच्या दोन-तीन भट्ट्यांनी मिळून गाडी मागवावी. पोती जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या टाका आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडा. पेलेटला पाणी लागलं की त्याचा तासाभरात भुसा होतो आणि तो पुन्हा वाळवून काही उपयोग नसतो.