दारू सोडायची: केंद्रात भरती की एएची मीटिंग?

सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याला थेट एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला नेऊ नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, बडबड, आणि तेच जिवावर बेततं. आधी जिल्हा रुग्णालय किंवा डॉक्टर असलेलं व्यसनमुक्ती केंद्र. तिथे डायझेपामसारखी गोळी उतरत्या मात्रेत आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देतात. शरीर बहुधा आठवडाभरात सावरतं. पण खर्च होतो, मजुरी बुडते आणि सुटल्यावर तोच ढाबा, तेच सोबती.

पुढची वर्षं निभावते ती मीटिंग. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. १२ पायऱ्या स्पॉन्सरसोबत, म्हणजे आधी दारू सोडलेल्या जुन्या सदस्यासोबत, चढायच्या: चौथीत स्वतःची लेखी झडती, पाचवीत ती दुसऱ्याला सांगणं, नववीत नुकसान भरून देणं. घात होतो घाईने. पहिल्याच आठवड्यात भावकीची माफी मागत फिरणारे पुष्कळ.

९० दिवसांत ९० मीटिंगा ही सूचना लातूर, नांदेड शहरात एकवेळ जमेल. खेड्यातल्याची शेवटची एसटी चुकते. बीडचा ऊसतोड मजूर तर दिवाळीनंतर फडावरच. त्यांनी फोनवरच्या मीटिंगा धराव्यात, स्पॉन्सरला रोज ठरल्या वेळी फोन करावा. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. केंद्राची चौकशी १४४४६ या मोफत क्रमांकावर करता येते.