मनगटातल्या नसेभोवती ग्लुकोज: सहा महिन्यांनंतर, आणि त्या उघड्या बाटलीबद्दल

कार्पल टनेलचं (मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबण्याचं) निदान झालेल्यांसाठीच हे आहे, त्यामुळे रात्री बोटं बधिर का होतात ते पुन्हा सांगत नाही. सहा महिन्यांत त्या नसेभोवती ५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्याची, तीन इंजेक्शनं घेतली, दर वेळी ५ मिली. औषध चांगलं आहे. तक्रार बाटलीची आहे.

अशक्तपणात चढवतात तीच ही ग्लुकोजची बाटली. तिच्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. बूच एकदा टोचलं की आत शिरलेल्या जंतूंना साखरपाणी आयतंच मिळतं. तरीही ५०० मिलीच्या बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवायची आणि दिवसभर येईल त्या पेशंटसाठी तिच्यातूनच सिरिंज भरायची, असं चालतं. हे चूकच आहे. औषध नसेला खेटून, अरुंद बोगद्यात जातं. तिथला संसर्ग साध्या दंडातल्या इंजेक्शनासारखा नसतो. बिलात सोनोग्राफी आणि डॉक्टरांची फी यांच्यापुढे १०० मिलीच्या बाटलीची किंमत काहीच नाही. सील आपल्यासमोर काढायला सांगा. उरलेलं टाकून द्यावं लागतं, लागू दे.

लेबलही वाचा. ५ टक्के द्रावणाची तीव्रता रक्ताच्या जवळपास असते. ‘डीएनएस’मध्ये साखरेच्या जोडीला ०.९ टक्के मीठ असतं, त्यामुळे ते जवळपास दुप्पट तीव्र. साखर एकदम उतरल्यावर देतात ते २५ टक्क्यांचं तर पाचपट गोड. ही दोन्ही नसेभोवती नकोत.

सुई बहुधा करंगळीच्या बाजूने, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत आत येते. द्रावणाने नस आधी वरच्या जाड पट्ट्यापासून सुटते, मग खालच्या स्नायुरज्जूंपासून. पडद्यावर नसेभोवती द्रावणाचं काळं कडं पूर्ण दिसायला हवं. बोटात विजेसारखी कळ गेली तर लगेच बोला, सुई मागे घ्यावी लागते. मात्रेत काटकसर नको: तैवानमधल्या एका चाचणीत १, २ आणि ४ मिलीची तुलना झाली, तेव्हा ४ मिली सरस ठरलं. लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) मिसळलं तर हात तासभर बधिर राहतो आणि त्या वेळचा आराम नेमका कशाचा, ते कळत नाही.

पहिल्या महिन्यात मत वेगळं होतं. आराम चार दिवसांत ओसरला, तेव्हा पैसे वाया गेले, स्टेरॉइड परवडलं असतं असं वाटत होतं. ते मत आता मागे. दुसऱ्या इंजेक्शनाचा आराम काही आठवडे टिकला, तिसऱ्याचा अजून आहे. २०१८ च्या तैवानी चाचणीतही (५४ पेशंट) चौथ्या ते सहाव्या महिन्यात डेक्स्ट्रोज स्टेरॉइडच्या पुढे होतं. त्याआधी २०१७ मध्ये तेवढंच सलाईन (नुसतं मिठाचं पाणी) दिलेल्यांपेक्षा डेक्स्ट्रोजवाल्यांना जास्त आराम मिळाला होता, म्हणजे सगळं श्रेय नुसत्या पाण्याने नस सुटी होण्याला देता येत नाही. साखर नसेवर नेमकं काय करते ते मात्र सिद्ध झालेलं नाही, आणि या चाचण्या लहानच आहेत.

मधुमेहींनी ‘ग्लुकोज’ या नावाला घाबरू नये. ५ मिलीत फक्त पाव ग्रॅम साखर असते. स्टेरॉइडने मात्र रक्तातली साखर काही दिवस चढी राहू शकते.

अंगठ्याच्या मुळाशी मांस झडलं असेल, पकड सुटत असेल, तर इंजेक्शनांवर महिने घालवू नका, सर्जनला हात दाखवा. बाकीच्यांनी रात्रीचा स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारा आधार) चालू ठेवावा. चौथं इंजेक्शन लागलंच तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन १०० मिलीची बाटली मेडिकलमधून आधीच आणलेली असेल.