अलकापुरीतली परदेशी शाळांची सल्लासेवा : फी 38 हजार, पाचांपैकी दोन तारे

मी बडोद्यात 31 वर्षं गणित शिकवलं. राहतो दांडिया बाजारात. मुलाला इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी लागली, तो मेमध्ये पुढे गेला आणि नातवंडांच्या शाळेचं सगळं सूनबाईवर पडलं. म्हणून तिच्याबरोबर अलकापुरीतल्या एका सल्लागाराच्या ऑफिसात चार वेळा जाऊन बसलो. पैसे परत मागायचं बोलणं चालू आहे, तेव्हा नाव लिहीत नाही.

दोन तारे दिले ते कागदपत्रांसाठी, आणि ते मनापासून. तिथल्या एका ताईंनी नातीचा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून, बोट फिरवत एकेक अक्षर ताडून पाहिलं. आडनावात एक 'ए' कमी निघाला. घरात चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. महानगरपालिकेत दुरुस्ती करून घेतली म्हणून पुढचा खोळंबा टळला.

शाळा निवडण्याच्या मूळ कामात मात्र घोळच घोळ. नातू इथे तिसरीत, म्हणून फाइलमध्ये सरळ 'इयर 3' लिहिलं. इंग्लंडमध्ये वर्ग वयावर ठरतो, 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या हिशेबाने. त्याचा जन्म नोव्हेंबर 2016 चा, म्हणजे सप्टेंबर 2025 मध्ये तो इयर 4 मध्ये बसतो. हे मी तिथेच कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा फाइल बदलली.

मग सहा शाळांची यादी हातात दिली. एकीपुढे ठळक अक्षरांत 'आउटस्टँडिंग', म्हणजे तिथल्या शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचा सगळ्यात वरचा शेरा. अहवालाची तारीख पाहिली तर 2013! अशा शाळांना 2012 ते 2020 नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे तो शिक्का वर्षानुवर्षं तसाच राहायचा. सूनबाईने मोबाइलवर ऑफस्टेडचं संकेतस्थळ उघडलं, तर त्याच शाळेचा 2023 चा अहवाल समोर आला. तिथे सगळे अहवाल फुकट वाचता येतात. सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणं तर सप्टेंबर 2024 पासून बंदच झालंय. शेरा सोडा, आतली पानं वाचा : वाचन कसं शिकवतात, हजेरी कशी आहे, नवी भाषा शिकणाऱ्या मुलांकडे कोण बघतं.

यादीतल्या चार शाळा खाजगी होत्या. मी सरकारी शाळांबद्दल विचारलं तर तो तरुण सल्लागार म्हणाला, "अंकल, मफतनी स्कूलमां कोण मूके?" म्हणजे फुकटच्या शाळेत कोण घालतं? मला फार लागलं ते. सयाजीरावांनी 1906 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्या राजधानीत बसून मोफत शाळेला नाक मुरडायचं? कामाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या मुलांना तिथल्या सरकारी शाळेत फी नाही. खाजगी शाळांच्या फीवर जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट आहे, तो यांच्या आकड्यांत धरलेलाच नव्हता.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. शाळा आधी ठरवा, घर मग बघा, असं यांनी सांगितलं. तिथे बहुतेक सरकारी शाळांत घरापासूनचं अंतर मोजतात आणि पत्त्याचा पुरावा लागतो. भाडेकरार हातात आल्यावर मुलाने अर्ज केला. नातवाला घराजवळच्या शाळेत जागा मिळाली. नात चार वर्षांची, तिचा रिसेप्शनचा, म्हणजे इयर 1 च्या आधीचा, वर्ग भरलेला. लहान वर्गांत एका शिक्षकामागे 30 पेक्षा जास्त मुलं घ्यायला कायद्याने मनाई आहे. तिला दुसरी शाळा मिळाली, 20 मिनिटं चालत. सूनबाई पावसात एकाला सोडून दुसरीला घेऊन धावायची. "बाबा, आधी कळलं असतं तर घर दुसऱ्या गल्लीत बघितलं असतं," हे तिचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. प्रतीक्षायादीत नाव लावता येतं, नकाराविरुद्ध अपीलही करता येतं, हेसुद्धा तिला तिथल्या शेजारणीकडून कळलं. जानेवारीत जागा झाली, आता दोघं एकाच फाटकातून आत जातात.

38 हजारांतले कागदपत्रांचे पैसे ठेवून बाकीचे परत द्या, असं लेखी दिलंय. पावती जोडली आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.