असंसर्गजन्य आजारांचे मृत्यू: सादरीकरणात कोणता आकडा घ्यायचा?

‘भारतात दहातले सहा मृत्यू असंसर्गजन्य आजारांनी (हृदयविकार, मधुमेह, कर्करोग असे एकापासून दुसऱ्याला न लागणारे) होतात.’ जिल्ह्याच्या बैठकीसाठी किंवा प्रबंधासाठी तुम्ही पहिल्याच स्लाइडवर हे टाकलं असेल, तर जरा थांबा. आकडा चुकीचा नाही. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद), पीएचएफआय (सार्वजनिक आरोग्याची भारतीय संस्था) आणि आयएचएमई (आरोग्याच्या आकडेवारीची अमेरिकी संस्था) यांच्या २०१७ च्या राज्यवार अहवालात हा वाटा १९९० साली ३७.९ टक्के, तर २०१६ साली ६१.८ टक्के आहे. पण त्याच अहवालात संसर्गजन्य, बाळंतपणातल्या आणि कुपोषणाच्या मृत्यूंचा वाटा ५३.६ वरून २७.५ टक्क्यांवर उतरलेलाही दिसतो. जुलाबाने आणि न्यूमोनियाने मरणारी मुलं वाचली की मधुमेह आणि हृदयविकार यांचा वाटा आपसूक फुगतो. धोका तसूभरही वाढलेला नसला तरी. तेव्हा औषधांचा आणि खाटांचा पैसा कशावर खर्चायचा हे सांगायला टक्केवारी चालेल. आजार बळावतोय का, यासाठी ती नको.

मग दर घ्यायचा, म्हणजे हजार माणसांमागे किती मृत्यू. पण साधा की वय-प्रमाणित? इथे एक हिशेब मांडू, आकडे माझ्या मनचे आहेत. कोकणातलं एक गाव, तरुण पोरं मुंबईला. हजार माणसांत ३०० म्हातारी. आणि ठाण्याकडची एक नवी वसाहत, हजारात म्हातारी फक्त ८०. दोन्हीकडे धोका अगदी सारखा धरू: म्हाताऱ्यांत हजारी ४० मृत्यू, बाकीच्यांत हजारी २. गावाचा साधा दर येतो १३.४, वसाहतीचा जेमतेम ५. एवढ्यावर कुणीतरी ‘कोकणात हृदयविकाराचा विळखा’ असा मथळा करतो! वय-प्रमाणित दरात दोघांना एकाच ठरावीक वयरचनेच्या साच्यात बसवतात आणि फरक शून्य होतो. जपानचंही असंच आहे. म्हातारे वाढल्यामुळे एकूण मृत्यू वाढले, पण वयाचा परिणाम बाजूला काढला तर दर अनेक दशकं उतरत आलाय. दोन राज्यं, दोन देश किंवा १९९० आणि आज अशी तुलना असेल तर वय-प्रमाणितच घ्या. फक्त दोन अहवालांनी साचा एकच वापरलाय ना, हे तळटिपेत बघा. आणि हा दर म्हणजे प्रत्यक्ष मेलेली माणसं नव्हेत, हेही सभेत सांगा; नाहीतर कुणीतरी त्याला लोकसंख्येने गुणून मोकळं होतं.

तिसरा पर्याय मला स्वतःला सर्वांत कामाचा वाटतो: तीस ते सत्तर या वयात हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार, कर्करोग, मधुमेह किंवा श्वसनाचे दीर्घ आजार यांपैकी एकाने मृत्यू येण्याची शक्यता. संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासाचं उद्दिष्ट यावरच बांधलंय: २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत एक तृतीयांश घट. जगाचा आकडा २००० मध्ये २२.९ टक्के होता, २०१९ मध्ये १७.८ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या देशवार माहितीत भारत २३ टक्क्यांवर होता. घरातलं कर्तं माणूस जाण्याची ही शक्यता आहे, त्यामुळे आमदारालाही समजते. उणीव अशी की एकाहत्तराव्या वर्षी गेलेला माणूस या हिशेबात येतच नाही, आणि यकृताचे आजारही बाहेर राहतात.

ही उणीव टाळणारं मोजमाप २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या १८५ देशांच्या अभ्यासात आहे: जन्मापासून ऐंशीपर्यंत, सगळे असंसर्गजन्य आजार धरून. २०१० ते २०१९ या काळात जवळपास पाचातल्या चार देशांत ही शक्यता घटली. चीन आणि ब्राझील त्यांतलेच. भारतात मात्र ती वाढली, बायकांमध्ये जास्त. तुम्हाला इशारा द्यायचा असेल तर हा आकडा घ्या, पण शेजारी डेन्मार्कसारखा देश ठेवून टाळ्या मिळवू नका. तिथे मृत्यूचं कारण डॉक्टर लिहितो. आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाचंच कारण वैद्यकीय प्रमाणपत्रावर येतं, आणि त्यातही अनेकदा ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं भरून दिलेलं असतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं! बाकीच्यांचा अंदाज यावा म्हणून नमुना नोंदणीचे (देशभरातल्या निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू टिपणारी सरकारी योजना) कार्यकर्ते त्या वस्त्यांत घरी जाऊन शेवटचे दिवस कसे गेले ते विचारतात आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. निधनवार्तेत आपण ‘अल्पशा आजाराने’ लिहितो, तेवढंच पुष्कळदा घरच्यांनाही माहीत असतं.

म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर शंभर-दीडशे प्रमाणपत्रांवरून दर काढायच्या फंदात पडू नका. राज्याचा वय-प्रमाणित दर घ्या, जोडीला तीस ते सत्तरची शक्यता द्या. आणि स्लाइडवर साल व अहवालाचं नाव आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात टाका.