गॅलियम आर्सेनाइडसाठी देशी ट्यूब फर्नेस: घ्यायची तर कशी घ्यायची

इथे विचार आहे तो अशा देशी नळीच्या भट्टीचा: तीन झोन (वेगवेगळे तापवता येणारे भाग), 50 मिमी व्यासाची क्वार्ट्झ नळी, कमाल 1100 अंश सेल्सिअस, पीआयडी कंट्रोलर (तापमान ठरवलेल्या अंकावर राखणारं यंत्र). ऑक्साइड किंवा सिरॅमिक भाजायला ही भट्टी बिनधास्त घ्या. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या वेफरसाठी (पातळ चकतीसाठी) हवी असेल, तर मात्र आहे तशी घेऊ नका.

इथे कमाल तापमानाला फारसं महत्त्व नाही. गॅलियम आर्सेनाइड 1238 अंशांना वितळतं, पण त्याचा पृष्ठभाग खूप आधी बिघडतो. साधारण 630 ते 650 अंशांपर्यंत गॅलियम आणि आर्सेनिक सारख्याच प्रमाणात उडतात. त्यापुढे आर्सेनिक भराभर निघून जातं आणि मागे गॅलियमचे थेंब राहतात. इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकात हाच प्रकार 360-365 अंशांच्या आसपास सुरू होतो. म्हणून कंट्रोलर सेटपॉइंटच्या (ठरवलेल्या तापमानाच्या) 15 अंश वर उसळला, तरी आरशासारखा वेफर धुरकट होऊ शकतो. टॉर्च तिरपा धरून पाहिलं की लगेच कळतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थेंब विरघळतात, त्यांच्याखालचे खड्डे तसेच राहतात.

कंट्रोलरचं कारखान्यातलं ट्यूनिंग (जुळवणी) बहुधा रिकाम्या नळीवर केलेलं असतं. ते पुन्हा करा: नळीत वेफर ठेवायचा होडीसारखा ट्रे (‘बोट’) ठेवून, गॅस सुरू ठेवून, ज्या तापमानाला काम करायचं त्याच तापमानाला. भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या बाहेर असतो, त्यामुळे क्वार्ट्झच्या आवरणातला दुसरा थर्मोकपल आत वेफरपाशी हवाच. तो मागणीपत्रातच लिहा.

650 च्या वर जायचं असेल, तर वेफरची चकचकीत बाजू दुसऱ्या गॅलियम आर्सेनाइड वेफरवर पालथी ठेवा. खालच्या वेफरमधून उडणारं आर्सेनिक फटीत कोंडलं जातं आणि वरचा पृष्ठभाग वाचतो. मधे धुळीचा एक कण राहिला तरी फट वाढते. उन्हाळ्यात धूळ किती उडते हे सगळ्यांनाच माहीत, तेव्हा वेफर लावण्याआधी नायट्रोजनच्या झोताने साफ करा. आयन इम्प्लांट (वेफरमध्ये मुद्दाम घुसवलेले परके अणू) सक्रिय करायला 850 अंशांवर जायचं, तर सिलिकॉन नायट्राइडचा थर द्या.

या व्यासाच्या एक मीटर नळीत सुमारे दोन लिटर हवा मावते. मिनिटाला 500 मिलीच्या प्रवाहाने 40 मिनिटं नायट्रोजन सोडला, की नळीच्या दहापट गॅस जातो. त्याआधी हीटर लावू नका. नायट्रोजन 99.999 टक्के शुद्धतेचाच घ्या. 99.9 टक्क्यांच्या सिलिंडरमध्ये 1000 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 1000) अशुद्धी असू शकते, आणि तापलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइड चढायला तेवढा ऑक्सिजन भरपूर झाला.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण विजेची. लाइट गेली की सहसा मास फ्लो कंट्रोलर (गॅसचा प्रवाह राखणारं विजेवरचं यंत्र) बंद होतो, आतला गॅस थंड होऊन आकसतो आणि बबलरमधलं (बाहेर पडणारा गॅस ज्या तेलाच्या बाटलीतून जातो तिच्यातलं) तेल मागे नळीत ओढलं जातं. बबलर आणि नळी यांच्यामध्ये रिकामी बाटली जोडा. प्रवाहासाठी साधा रोटामीटर (तरंगत्या गोटीचा प्रवाहमापक) असेल तर उत्तमच, त्याला वीज लागत नाही. कंट्रोलरवर वीज परतल्यावरची सेटिंग ‘थांब’ अशी ठेवा. काही कंट्रोलर वीज आली की थेट सेटपॉइंटकडे धावतात.

फ्लँज (नळीच्या टोकांची झाकणं) थंड ठेवायला बोअरचं पाणी वापरू नका, जाकिटात (पाणी फिरायच्या पोकळीत) क्षार बसतात. डिस्टिल्ड पाण्याची टाकी आणि छोटा पंप पुरतो.

नळीच्या थंड टोकाला जमणारा करडा थर आर्सेनिकचा असतो. एक्झॉस्ट स्क्रबरमधून (विषारी वायू शोषून घेणाऱ्या उपकरणातून) फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) सोडा आणि तो थर कोरडा खरवडू नका, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. ते फडकं घातक कचऱ्याच्या डब्यात टाका.